डबीवरचं नाव

मैसूरच्या मंडी मोहल्ल्यात मोहनराव पुकाळे कुठे राहतात म्हणून विचारलंत, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. मैकसेट मोहनण्णा म्हणा, लगेच चार माणसं बोट दाखवतील, आणि एक जण म्हणेल, आता ते इथे नाहीत, मुलाकडे हूटगळ्ळीला गेले. घराणं रंगाऱ्यांचं. आजोबा कापडावर ठसे उमटवायचे. वडिलांनी रंगाच्या कढया मोडीत काढल्या आणि दुसऱ्याच्या दुकानात नोकरी धरली. मोहनरावांना नोकरी मानवली नाही. त्यांनी भोंगे घेतले, एक ॲम्प्लिफायर घेतला, आणि लग्नामुंजींना आवाज पुरवायला सुरुवात केली.

आता मैक लावणाऱ्या माणसाने मैक लावावा, भाडं घ्यावं आणि जेवून घरी जावं. पण याला आवाजाचा लोभ सुटला. कुठेही भोंगा लावला की हा गुपचूप टेपचं बटण दाबणार. भजनं, लग्नातली उखाण्यांची चढाओढ, गणपतीतला वाद्यवृंद, शंभूरावांनी तंबाखूच्या दुकानाच्या उद्घाटनाला ठोकलेलं लांबलचक भाषण, एका मांडवात व्याह्या-व्याह्यांचं झालेलं भांडण, सगळं याच्याकडे होतं. बायको होती तोवर म्हणायची, "घरात तांदूळ ठेवायला जागा नाही आणि लोकांच्या खोकल्यांच्या कॅसेटी आणून भरतायत." ती गेली, कॅसेटी राहिल्या.

या सगळ्या पसाऱ्यात मानाची वस्तू म्हणजे इंदिराबाईंचा पाळणा.

पिढ्यान्‌पिढ्या मैसूरला राहिलेल्या या मराठी घरांत पोरांना आता मराठी जेमतेम येतं. घरात निम्मं कन्नड, शाळेत इंग्रजी. पण नामकरणाचा पाळणा मराठीतच झाला पाहिजे, यावरून कुणी हटत नसे. तो म्हणायला मोहनरावांच्या थोरल्या भावाची बायको, इंदिरावहिनी, घरोघर जायच्या. तो त्यांना सासूकडून आलेला, कुठे छापलेला नव्हता. पहिली कडवी सगळ्यांकडे तीच. शेवटचं कडवं मात्र त्या पाळण्याची दोरी धरल्या धरल्या बांधायच्या. त्यात बाळाचं नाव यायचं, ते कानात सांगणाऱ्या आत्याचं नाव यायचं, घराण्याचं यायचं, आणि बाप दारात अवघडून उभा असेल तर त्याचीही फिरकी घेतली जायची. बाळ रडत असलं तर त्या त्या रडण्यालाही कडव्यात जागा करून द्यायच्या. त्यामुळे आपला पाळणा फक्त आपला, असं प्रत्येक घराला वाटायचं, आणि ते खरंच होतं.

मोहनराव ते सगळे भरून घेत. पण त्यांची एक खोड होती. कॅसेटवर ते नुसतं "पाळणा, इंदिरावहिनी" एवढंच लिहीत. घराचं आणि बाळाचं नाव लिहीत ते प्लॅस्टिकच्या डबीतल्या कागदावर. कॅसेटवरची पट्टी चिंचोळी, डबीतला कागद ऐसपैस. त्या धंद्यातले बहुतेक जण असंच करत. इंदिराबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, "भावजी, डब्या बदलल्या तर?" त्यावर हे म्हणाले, "कॅसेट डबीतच राहणार ना, वहिनी. पळून कुठं जाते?"

पुढे भोंग्यांचा जमाना संपला. दुकान बंद झालं, आणि सुदीपने, म्हणजे मोहनरावांच्या मुलाने, त्यांना एक संगणक आणून दिला. मोहनराव त्यावर कॅसेटी ओतायला बसले. किती वर्षं बसले ते विचारू नका. जागा पुरावी म्हणून गाणी दाबून दाबून लहान करून भरली, आवाज थोडा पातळ झाला तर झाला. आणि खोड तीच. गाण्याला नाव "पाळणा", गायिका "इंदिरावहिनी", आणि ज्या फोल्डरमध्ये ते ठेवलं त्या फोल्डरला घराचं नि बाळाचं नाव. फोल्डर म्हणजे डबीच की. सुदीपने हूटगळ्ळीला घर बांधलं तेव्हा बुरशी धरलेल्या कॅसेटी भंगारात गेल्या. "असू दे, सगळं संगणकात आहे," असं मोहनराव स्वतःच म्हणाले आणि पोती त्यांनी स्वतःच दाराबाहेर काढली.

इंदिराबाईही त्यांच्याबरोबर नव्या घरात राहायला आल्या, आणि तिथे त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, गाणं गेलं, आणि बोलणं असं झालं की समोरच्याने कान देऊन अर्धं ओळखायचं. डोकं मात्र शाबूत होतं. हे घरातल्यांना माहीत होतं, पण बोलता न येणाऱ्या माणसाचं डोकं शाबूत आहे हे लोक हळूहळू विसरतात. आपणही विसरतो, उगाच साव बनू नये.

मग जुना संगणक बंद पडला. सुदीपने नवा आणला, त्यावर मोहनरावांचा जुना गाणी वाजवायचा प्लेअर काही केल्या चालेना. तो बनवणाऱ्यांनीच त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. मग सुरू झाली नव्याची शोधाशोध, आणि मुलीला स्थळं बघावीत तसे मोहनराव प्लेअर बघू लागले. एक दिसायला देखणा, पण हजारो गाणी पुढ्यात टाकली की आ वासून बसायचा. एक चलाख, पण मराठीचं त्याला ओ की ठो कळेना, जिथे तिथे चौकटीच चौकटी. एकाला गाण्यांपेक्षा मुखपृष्ठांचा सोस. आता मंडी मोहल्ल्यातल्या नामकरणाला मुखपृष्ठ कुठून आणायचं? एक फुकट म्हणून घरात शिरला आणि भजनाच्या मध्ये साबण विकायला लागला. एकाने तर कहर केला. तो इंटरनेटवर बघून आपणहून नावं दुरुस्त करायला निघाला, आणि शंभूरावांच्या तंबाखूच्या भाषणाला त्याने कुठल्यातरी परदेशी बँडचं नाव लावलं. मोहनराव त्या दिवशी पोट धरधरून हसले. हसायला नको होतं, कारण इशारा तोच होता. या यंत्रांना आवाज कळत नाही, नाव कळतं.

"अप्पा, कुठलाही एक ठेवा की. वाजवतात ना सगळे?" सुदीप वैतागून म्हणाला.

"वाजवतो तर रेडिओपण. मला आधी मिळायला पाहिजे, आमेले वाजायला."

शेवटी एक पसंत पडला. तो सगळं पेलायचा, मराठी वाचायचा, दोन अक्षरं टाकली की गाणं समोर आणून ठेवायचा. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणून मोहनरावांनी त्याला सगळा संग्रह दाखवला. संगणकातला दाखवला आणि सुदीपच्या आग्रहाने जी एक वेगळी डिस्क जपून ठेवली होती, तीही दाखवली. इथेच घोळ झाला. प्रत्येक गाणं त्याला दोनदा दिसायला लागलं. यादी बघावी तर सगळं जोडीजोडीने. मोहनरावांचा स्वभाव टापटिपीचा, त्यांना ते बघवेना.

प्लेअरमध्ये त्यावर उपाय होता. दुहेरी गाणी शोधून काढून टाकायची सोय. त्याने विचारलं, दुहेरी कशावरून ओळखू? मोहनरावांनी नाव आणि गायक यांवर खूण केली. त्याने विचारलं, त्यातलं ठेवू कुठलं? पर्याय होते, त्यात एक होता सर्वांत चांगल्या दर्जाचं. त्यावर खूण केली. चांगलं सोडून वाईट कोण ठेवेल? त्याने आणखी एकदा विचारलं, कायमचं काढू का? यशस्विनीने, सुनेने, कॉफी आणून ठेवली होती, ती निवत होती. मोहनरावांनी हो म्हटलं. कॉफी संपायच्या आत यादी निम्म्याहून कमी झाली, आणि त्यांना घर झाडून काढल्यासारखं बरं वाटलं. संध्याकाळी सुदीपला त्यांनी कौतुकाने सांगितलंसुद्धा.

बरेच दिवस कशाचाच पत्ता नव्हता. डिस्कवरच्या रिकाम्या जागेत त्यांनी नातीसाठी, अमूल्यासाठी, कार्टूनपट आणून भरले. मग वनजाचा फोन आला.

वनजा नवले मंडी मोहल्ल्यातलीच, ब्लाउज शिवणारी. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा पुनीत, तो गेल्या वर्षी येलवालहून मोटारसायकलवर येताना गेला. त्याच्या मागे तिच्याकडे फोटो होते, कपडे होते, फोनवरची दोन-चार तुटक वाक्यं होती. "मोहनण्णा," ती म्हणाली, "पुनीतच्या नामकरणाचा पाळणा तुमच्याकडं आहे ना? वर्षाचं आलंय. त्या दिवशी घरात लावीन म्हणते. इंदिराअक्कांच्या तोंडून त्याचं नाव एकदा ऐकलं की मला पुरे."

"आहे की. असणारच. ये नको, मीच आणतो," मोहनराव म्हणाले. आपल्याकडे आहे हे सांगण्यात त्यांना जो आनंद व्हायचा, तो त्यांनी या बाबतीतही उपभोगला. हे त्यांना पुढे फार टोचलं.

फोन ठेवून त्यांनी संगणक लावला. नवल्यांचं घर, पुनीत, फोल्डर जागेवर होता. उघडला तर रिकामा. शेजारचा उघडला, गगनच्या नामकरणाचा, तोही रिकामा. वाणीचा रिकामा. रक्षितचा रिकामा. खालपर्यंत सगळ्या मुलांची नावं नीट लावलेली होती आणि आत काही नव्हतं. डब्या राहिल्या होत्या, कॅसेटी गेल्या होत्या. सगळे पाळणे "पाळणा" आणि सगळ्यांची गायिका "इंदिरावहिनी". त्या यंत्राने ती एकाच गाण्याची अनेक रूपं समजून झाडून काढली होती, आणि दुसऱ्या डिस्कवरचीही, कारण तीही याच शहाण्याने पुढ्यात ठेवली होती.

एक पाळणा उरला होता. कुठला? सर्वांत चांगल्या दर्जाचा. अमूल्याचा.

मोहनराव तिथेच बसून राहिले. अमूल्या झाली तेव्हा त्यांनी नवा महागडा मैक आणला होता. पंखा बंद करायला लावला होता, बायकांना बांगड्या आवरायला सांगितल्या होत्या, आणि भरलेला पाळणा न दाबता तसाच्या तसा ठेवला होता. दुसऱ्यांच्या पोरांचे मात्र घासलेल्या कॅसेटींवर, जुन्या भाषणांवर भरलेले, नंतर जागेसाठी दाबलेले. मग यंत्राचं काय चुकलं? त्याने विचारलं होतं, चांगलं कुठलं, आणि चांगलं एकच होतं. आपल्या पोळीवर तूप यांनी त्याच दिवशी ओढून घेतलं होतं. यंत्राने फक्त बाकीच्या पोळ्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता ते संगणक आणि डिस्क घेऊन शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने बराच वेळ खटपट केली. म्हणाला, नव्या संगणकातलं पुसलेलं परत येत नाही. डिस्कवरचं कदाचित आलं असतं, पण त्यावर तुम्ही दुसरं भरलंत. काय भरलं ते मोहनरावांनी सांगितलं नाही.

आता सरळ माणसाने काय केलं असतं? वनजाला फोन करून सांगितलं असतं. मोहनरावही आयुष्यभर सरळच वागले होते. पण आपण "आहे की" म्हणालो, हे त्यांना मागे घेववेना. त्यांनी फोन हातात घेतला, ठेवला. मग एका दुपारी अमूल्याचा पाळणा उघडला, आणि जिथे शेवटचं कडवं सुरू होतं त्याच्या अलीकडे तो कापला. नाव गेलं, आत्याचं नाव गेलं, पुकाळ्यांचं घर गेलं. उरलं ते कुठल्याही बाळाला चालण्यासारखं. ते एका पेन ड्राइव्हवर घालून, बस धरून ते मंडी मोहल्ल्यात गेले.

वनजाने शिलाईचं मशीन थांबवलं. दुकानातल्या लहानशा स्पीकरला पेन ड्राइव्ह लावला आणि ती स्टुलावर ताठ बसून ऐकायला लागली. इंदिराबाईंचा आवाज आला.

"आवाज जरा भरलेला वाटतो ना?" ती म्हणाली.

"कॅसेट जुनी. हळू फिरते," मोहनराव म्हणाले. एक खोटं बोललं की दुसरं मागोमाग येतंच, त्याला बोलवावं लागत नाही.

कडवी सरली आणि आवाज तुटला. वनजाने वर बघितलं.

"नाव?"

"तिथंच टेप संपली बघ. मला वाटलेलं पुढं असेल."

मोहनरावांना वाटलं, आता उठावं. तेवढ्यात तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि दुसऱ्या कडव्यापाशी तिने एकदम त्यांचा हात धरला. मागे एक बाळ कुरकुरत होतं. आधी कुरकूर, मग दोन हुंदके, मग एक लांब रडणं.

"हा पुनीत! अय्यो मोहनण्णा, हाच कण्री! असाच रडायचा, आधी हळू, आमेले एकदम मोठ्यानं. नाव नाही तर नाही. हा आहे की."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मोहनरावांनी मान हलवली. नुसती मान. तोंडाने हो म्हणाले असते तर निदान आपण खोटं बोललो हे तरी कानाने ऐकलं असतं.

त्यानंतर त्यांचं खाण्यापिण्यावरचं मन उडालं. ज्या प्लेअरसाठी इतकी स्थळं बघितली तो त्यांनी उघडायचाच सोडला. घरात अमूल्या हट्टाने रडली तरी ते उठून गच्चीवर जात. वर्षाच्या दिवशी बोलावणं होतं, पाय दुखतो म्हणून गेले नाहीत. सुदीप म्हणाला, "अप्पा, डॉक्टरकडं जाऊ या." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. फोन वाजला की वाटायचं वनजाला कळलं, आणि न वाजला की वाटायचं कळलं म्हणूनच करत नाही.

एका रविवारी ती स्वतःच आली. हातात स्टीलच्या डब्यात ओबट्टू, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या. "अक्कांच्या हातात द्यायला आले," म्हणाली आणि सरळ इंदिराबाईंच्या खुर्चीपाशी खाली बसली. घरात सगळे होते. सुदीप पेपर वाचत होता, यशस्विनी आतबाहेर करत होती, अमूल्या दाराशी पेन्सिल चावत उभी होती. मोहनराव आतल्या खोलीत होते, त्यांना बाहेर यावंच लागलं.

"अक्का, तुम्ही पुनीतला म्हटलेला पाळणा. मी रोज ऐकते, दिवा लावताना आणि दुकान बंद करताना. तुम्ही पण ऐका." वनजाने फोनवर लावला.

इंदिराबाई ऐकू लागल्या. किती दिवसांनी त्यांना त्यांचा स्वतःचा आवाज ऐकायला मिळत होता. डावा हात मांडीवर ठेका धरायला लागला. बाळाचं रडणं आलं तसा हात थांबला. त्यांनी मान वळवून दाराकडे बघितलं आणि तोंड वाकडं करत, जोर लावून म्हणाल्या, "अमू."

"काय म्हणाल्या?" वनजाने विचारलं.

"अमू. अमूचा." त्यांनी डाव्या हाताने अमूल्याकडे बोट केलं. "ह्यो... अमूचा."

"नाही, अक्का. पुनीतचा हा. आमचा पुनीत, नवल्यांचा."

इंदिराबाईंनी जोरात मान हलवली. त्यांना बरंच काही सांगायचं होतं. पंखा बंद केला होता, बांगड्या काढल्या होत्या, तेव्हा गळाही बसलेला होता. त्यातलं काहीच शब्दांत येईना. "अमू, अमू," एवढंच. वनजाने त्यांचा हात हातात घेतला आणि मोठी माणसं लहानांशी बोलतात त्या आवाजात म्हणाली, "सरी अक्का, सरी. अमूचा." यशस्विनी हळूच म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. दोड्डम्मांचं, आमच्या थोरल्या सासूबाईंचं, अलीकडं असंच होतं, माणसं कळेनाशी झाल्यात." सुदीपने पेपर खाली ठेवला. "उद्या डॉक्टरांना सांगू या," तो म्हणाला, "आता डोक्यावर पण परिणाम व्हायला लागलाय."

इंदिराबाईंनी हे सगळं ऐकलं. ज्या पाळण्याचं कडवं न कडवं त्यांच्या पोटातून आलं होतं, तो कुणाचा हे त्यांना कळत नाही असं घर बोलत होतं. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही, फक्त मोहनरावांकडे बघितलं. रागाने नव्हे. भावजी, तुम्ही तर होता ना तिथं, सांगा की यांना, असं.

तिथे मात्र मोहनरावांचा धीर सुटला. वनजाला फसवून ते जगत होते, कसेबसे का होईना. पण वहिनींना वेडं ठरू देणं त्यांना जमेना.

"वहिनी बरोबर सांगतायत," ते म्हणाले. "तो अमूचाच आहे."

मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. प्लेअर सांगितला, खुणा सांगितल्या, कॉफी सांगितली. रिकाम्या डब्या सांगितल्या. कापलं कुठे ते सांगितलं. "टेप संपली नव्हती, वनजा. मी कापली. नाव अमूचं होतं म्हणून कापली."

"आणि पुनीतचा?"

"नाही. कुणाचाच नाही. मी पुसले."

सुदीप "अप्पा!" म्हणून ओरडला. त्याला काय म्हणायचं होतं ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. वनजाने फोनकडे बघितलं, मग दाराशी उभ्या असलेल्या अमूल्याकडे बघितलं. पोरगी घाबरून आईच्या मागे गेली. वनजा उठली, तिने इंदिराबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं, "चूक झाली अक्का, तुम्हाला मी काहीबाही बोलले," म्हणाली, आणि चपला घालून निघाली. जिच्याकडून काहीही चूक झाली नव्हती तिने माफी मागितली, आणि मोहनराव तसेच उभे होते.

यशस्विनीने घाईघाईने डबा रिकामा केला. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून त्यात दोन मुठी साखर घातली आणि सासऱ्यांच्या हातात दिला. मोहनराव मागोमाग धावले. बसस्टॉपवर वनजा एकटीच उभी होती. समोरून रविवारची पाळी संपवून कारखान्यांतून सुटलेल्या मोटारसायकली चालल्या होत्या. प्रत्येक मोटारसायकलीला ती नजरेने पुढच्या वळणापर्यंत पोचवत होती.

"वनजा, तू मला काय पाहिजे ते बोल," मोहनराव म्हणाले.

वळणाकडे बघतच तिने विचारलं, "मोहनण्णा, त्या दिवशी तुम्ही आमच्या घरात होता ना? पुनीत रडला होता का? कसा रडला होता, आठवतं?"

मोहनरावांनी आठवून बघितलं. नवल्यांची पुढची खोली आठवली, वायर कुठून ओढली ते आठवलं, कानाला लावलेले हेडफोन आठवले, टेपवरचा हलणारा काटा आठवला. आवाज फार चढत नाही ना म्हणून ते सबंध वेळ त्या काट्याकडे बघत होते. बाळाकडे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "मी काट्याकडं बघत होतो."

वनजाने मान हलवली. रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मोहनरावांना ते औषधासारखं लागलं असतं. पण ती नेहमीच्या आवाजात बोलत होती.

"माझ्या कानात स्वल्प राहिलं होतं त्याचं. लहानपणचं. तुमच्याकडं मागायच्या आधी डोळे मिटले की यायचं, पुसट पण यायचं. आता रोज दोन-दोन वेळा हे ऐकलं ना. आता डोळे मिटले की हेच येतं, तुमच्या अमूचं. त्याचं येतच नाही."

बस आली. ती चढली आणि खिडकीपाशी न बसता आत पलीकडच्या बाजूला बसली. बस येलवालचा रस्ता मागे टाकून शहराकडे निघून गेली. डबा मोहनरावांच्या हातातच राहिला. घरी परत जावं असं त्यांना एकदा वाटलं, मग ते बाकावर बसले आणि मंडी मोहल्ल्याकडे जाणारी पुढची बस कधी येते ते शेजारच्या माणसाला विचारू लागले.